सुई ओवून मागणाऱ्या ताईंना

ताई,

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "बरं बरं, सराव करतेस ना?" म्हणून विषय बदलता. म्हणून चारचौघांत लिहितेय. आता बदला विषय!

उन्हाळ्यातला तो दिवस. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बेली डान्सचे चार वर्ग, आणि त्या हॉलमधल्या एकाही बाईला मी ओळखत नव्हते. ओढणी कमरेला आवळून मागच्या रांगेत उभी राहिले, तोच शेजारून तुमचा हात आला आणि माझी गाठ सुटली. "अगं, कमरेला नाही. आणखी खाली, हाडावर बांध. नाहीतर काय हलतंय ते तुझं तुलाच दिसायचं नाही." ना ओळख ना पाळख! मला तेव्हा रागच आला होता, हेही आज सांगून टाकते.

शिमीला, म्हणजे कंबर थरथरवायला, तर फजिती झाली. पोट आत ओढून, दातओठ खात मी सगळं अंग गदागदा हलवत होते. तुम्ही म्हणालात, पोट विसर, गुडघ्यांकडे बघ. जरासे वाकव, एक पुढे, एक मागे, आधी सावकाश. कंबर आपली आपण थरथरेल. आणि थरथरली की! जेमतेम चार सेकंद, पण थरथरली. मग पाणी पिता पिता तुम्ही त्या नावावरच घसरलात. 'बेली डान्स' हे फ्रेंच नावाचं भाषांतर, १८९३ च्या शिकागोच्या प्रदर्शनापासून अमेरिकेत गाजलेलं. इजिप्तमध्ये म्हणतात रक्स शर्की, म्हणजे पूर्वेकडचा नाच. "नावात पोट आलं आणि तू बिचारी पोटाच्या मागे लागलीस."

दुसऱ्या वर्गात ताल. मकसूम आणि सईदी माझ्या कानांना एकच. तुम्ही बाटलीवर बोटं वाजवून दाखवलंत: दुम तक, तक दुम, तक. हा मकसूम. दुम तक, दुम दुम, तक. हा सईदी, काठी घेऊन नाचतात तो. मधल्या एका 'तक'चा 'दुम' झाला की पाऊल कसं जड पडतं, ते मला त्या बाटलीनं शिकवलं. (आणि इजिप्तमधल्या पेल्यासारख्या चर्मवाद्याचं नाव तिकडे 'तबला' आहे हे ऐकून मी उगाचच खूश झाले.)

मग जेवणाची सुट्टी. पुढचा वर्ग होता गोल करून एकेकीनं मध्ये जाऊन, मनाला येईल तसं नाचण्याचा. मी पिशवी भरली. डोकं दुखतंय, असं सांगायचं ठरवलं होतं.

तुम्ही अडवलं नाहीत. "थांब गं, छान नाचतेस" असलं काही म्हणाला असतात तर मी नक्की गेले असते. तुम्ही फक्त तुमचे सागात, म्हणजे बोटांत घालून वाजवायच्या त्या छोट्या झांजा, पुढे केलेत. त्या चार पितळी चकत्यांपैकी एकीचं इलॅस्टिक सैल झालं होतं, बोटावरून घसरत होतं. "जायच्या आधी सुई ओवून देतेस? मला दिसत नाही." सुई ओवली. मग म्हणालात, दोन टाके पण घाल. टाके घालेपर्यंत तबला सुरू झाला, गोल जमला, आणि मी त्यात सुईदोऱ्यासकट बसलेली!

माझी पाळी आली तेव्हा तुम्ही कानाशी एवढंच बोललात की रक्स बलदी हा घरातला, बायाबायांचा नाच. कैरोत नर्तकी बदिया मसाबनींनी १९२६ मध्ये आपलं नाट्यगृह उघडलं, रंगमंचाचा थाट त्यानंतरचा. इथे कोणी प्रेक्षक नाही. मी मध्ये गेले. काय नाचले ते आठवत नाही. तुमचे सागात मात्र ऐकू येत होते, घट्ट, एकही ठोका न चुकता.

त्या दिवशीच्या पाचजणी अजून दर आठवड्याला भेटतो. त्यांतल्या चौघींशी ओळख तुम्हीच करून दिलीत, त्याचेही आभार.

पण हे पत्र लिहायचं खरं कारण वेगळंच. परवा तुमच्या घरी आले, तेव्हा कपाटावर तो पोशाख लटकत होता. पट्ट्यावर मण्यांच्या ओळीच ओळी, मोहरीएवढे मणी. कोणाकडून शिवून घेतलात, विचारलं, तर म्हणालात, "कोणाकडून कशाला? मीच शिवते. चष्मासुद्धा लागत नाही."

सुई ओवून दे म्हणे!

तुमची,
मागच्या रांगेतली