उजव्या डोळ्याचा पांढरा

पंचवटी, नाशिक

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

सोबत आपल्या थळसमोरच्या खांदेरी बेटावरच्या दीपगृहाची चार कार्डं पाठवतेय. साठांची ऑर्डर आहे, दिवाळीआधी द्यायची. पहिला गठ्ठा वाया गेला. छापणाऱ्यानं क्रीजिंग, म्हणजे घडीची खाच आधी न पाडताच घडी मारली आणि समुद्र बरोबर घडीवर उखडला. असो.

बाबा, उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आधी मोबाइलवर फोटो बघून तुम्ही म्हणाला होतात, "दीपगृह निळं कशाला केलंस? आपल्याकडनं पिवळट दिसतं." मी वाद घातला नाही, पण मनात राहिलं. खरं तर पांढरा रंग मी वापरलेलाच नाही. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा सोडलेला कागद. मनोरा अष्टकोनी, मी धरलेल्या कोनातनं तीन बाजू दिसतात. उन्हाची बाजू कोरी, मधलीवर कोबाल्ट ब्लूचं नुसतं पाणी, तिसरीत त्यातच चिमूटभर तपकिरी बर्न्ट सिएना. ओल्यात ओलं मिसळलं की कडा जातात आणि अष्टकोनाचा गोल खांब होतो. म्हणून एक बाजू वाळेपर्यंत दुसरीला हात लावायचा नाही.

नाशिकच्या कोरड्या हवेत ते सोपं, पण आभाळ रंगवताना तीच हवा नडते. हात खाली येईपर्यंत वरचं वाळून रेघ उमटते. थळला उलटंच! मे महिन्यात ओट्यावर केलेलं चित्र संध्याकाळीसुद्धा बोटाला लागत होतं, आठवतं ना आई?

इथे चित्रकार शिवाजी तुपे सरांनी रंगवलेले घाट बघत बघत आम्ही शिकलो. काळ्या दगडाला हात बसलाय, समुद्राला नाही. पहिल्या तीन चित्रांत खांदेरी रामकुंडात उभी होती.

ऑर्डरवाल्या बाई विचारत होत्या, दीपगृह शिवाजी महाराजांचं का? म्हटलं, किल्ला महाराजांचा. १६७९ साली तो बांधत असताना इंग्रज आणि सिद्दी दोघेही आडवे आले होते. दिवा मात्र १८६७ चा, इंग्रजांच्या अमलातला. मग त्यांना कार्डावर 'कान्होजी आंग्रे बेट' हवं झालं. नाव १९९८ पासून तेच आहे, चूक काहीच नाही. पण तुम्ही दोघं हसाल म्हणून मी 'खांदेरी'च ठेवलं.

आई सांगत होती, बाबा हल्ली ओट्यावर बसून एकेक डोळा झाकून तिच्या साडीचा रंग तपासतात. डॉक्टर म्हणाले तेच ते. मोतीबिंदूनं डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, निळा अडतो. इतकी वर्षं तुम्ही चहाच्या गाळणीतनं दीपगृह बघत होतात!

आता एवढं करा. सकाळी नऊच्या उन्हात एक कार्ड समोर धरा. आधी डावा डोळा झाका, मग उजवा. मनोऱ्याची मधली बाजू दोन्ही डोळ्यांना सारखीच दिसली, तर डाव्याच्या ऑपरेशनचं नाव काढणार नाही. फरक दिसला, तर आईनं त्याच दिवशी फोन करून तारीख घ्यायची. "भाताची कापणी होऊ दे" चालणार नाही. मी आठवडाभर रजा टाकून येईन. थेंब घालायला आईला चष्मा शोधावा लागतो, मला नाही.

येताना कांदे आणत नाही. तुमच्या पांढऱ्या कांद्याच्या माळेसमोर आमच्या नाशिकच्या कांद्याचा मागच्या वेळी झाला तेवढा अपमान पुरे.

तुमची,
ताई