चेंडू कुठे गेला तेवढं सांगा

प्रति,
माननीय कार्यक्रम व्यवस्थापक,
बेसबॉल प्रक्षेपण विभाग

विषय: घरच्या संघाच्या सामन्यांच्या टीव्हीवरील समालोचनाबद्दल तक्रार

महोदय,

मी आपला वर्गणीदार आहे. म्हणजे खातं मुलीच्या नावावर आहे, महिन्याचे वीस डॉलर तिच्या कार्डावरून जातात, पण सामने बघतो मी एकटाच. हे पत्र मी मराठीत लिहितो आहे, त्याचं इंग्रजी मुलगी करून देणार आहे. ती म्हणाली, "बाबा, इंग्रजीत लिहायला बसलात की तुम्ही इतके सभ्य होता की तक्रार काय आहे तेच कळत नाही." तेव्हा भाषा कुठे तिखट वाटली तर ती माझी समजावी आणि सौम्य वाटली तर तिची.

गेल्या मंगळवारचा सामना. सातवी इनिंग, आपला संघ एका धावेने पुढे, पाहुण्यांची बॅटिंग, एक आउट, पहिल्या बेसवर रनर. आपण पडद्याचे दोन तुकडे केले होते. मोठ्या तुकड्यात समालोचकांच्या खोलीत आलेला एक माजी खेळाडू, लहान तुकड्यात सामना. माजी खेळाडूने बार्बेक्यूचं दुकान काढलं आहे, त्यावर बोलणं चाललं होतं आणि तिघांच्या हातात कागदी ताटल्या होत्या. तेवढ्यात लहान तुकड्यात बॅट फिरली, दोन-तीन माणसं धावली, धूळ उडाली आणि आपले खेळाडू टोप्या सारखी करत डगआउटकडे चालू लागले. डबल प्ले, एकाच चेंडूवर दोन आउट! आपले समालोचक म्हणाले, "वा, डबल प्ले," आणि त्याच श्वासात त्या सॉसमध्ये मध घालतात की काकवी, याकडे वळले. मग जाहिराती. जाहिरातींनंतर रिप्लेसुद्धा नाही.

माझ्या मांडीवर त्या वेळी स्कोअरबुक होतं.

मी नाशिकचा. बँकेत नोकरी केली आणि सुटीच्या दिवशी गोल्फ क्लब मैदानावर क्रिकेट सामन्यांचा स्कोअरर म्हणून बसत आलो. अंपायरने खूण केली की आपण हात वर करून पोच द्यायची, तोवर तो पुढचा चेंडू टाकू देत नाही. इतकं त्या टेबलाला महत्त्व. इथे अमेरिकेत आल्यावर बेसबॉलचं स्कोअरबुक हातात आलं तेव्हा परक्या गावात गाववाला भेटावा तसं झालं. पुढे कळलं की ते उगाच नव्हतं. ही नोंदीची पद्धत बसवणारा हेन्री चॅडविक हा जन्माने इंग्लंडचा आणि आधी क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा वार्ताहर. स्ट्राइकआउटला, म्हणजे तीन स्ट्राइकवर बॅटर बाद होण्याला, 'के' हे अक्षर त्यानेच दिलं.

आपल्याला हे सांगायची गरज नाही, समालोचकांना आठवण म्हणून लिहितो: प्रत्येक क्षेत्ररक्षकाला आकडा असतो. चेंडू टाकणारा पिचर १, बॅटरमागचा कॅचर २, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला शॉर्टस्टॉप ६. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून सेकंड बेसमनला दिला, त्याने पहिल्या बेसवर फेकला, की लिहायचं ६-४-३. सेकंड बेसमनने उचलून शॉर्टस्टॉपला दिला तर ४-६-३. मंगळवारी तो चौकोन माझ्या वहीत कोरा राहिला. मुलगी म्हणाली, फोनवर बघा. बघितलं. फोनने ६-४-३ सांगितलं, मी पेन्सिलीने भरलं. पण शॉर्टस्टॉपने तो चेंडू झेपावून अडवला की तो सरळ त्याच्या पायाशी आला? सेकंड बेसमनने अंगावर येणाऱ्या रनरला चुकवून फेक केली का? फोनला ते माहीत नाही. ते सांगायला आपण दोन माणसं पगार देऊन बसवली आहेत.

मी हा खेळ आपल्याच वाहिनीवर शिकलो. २०१९ मध्ये मुलीकडे आलो आणि पुढच्याच वर्षी सगळे घरात कोंडले गेले. त्या साली १६२ सामन्यांचा हंगाम ६० सामन्यांवर आला होता. स्टँडमध्ये प्रेक्षकांऐवजी पुठ्ठ्याची माणसं आणि गर्दीचा आवाज रेकॉर्ड केलेला. आपल्याकडे तेव्हा एक वयस्क समालोचक होते, आता निवृत्त झाले. स्टेडियम रिकामं, पण त्यांच्या बोलण्यात कधी ते रिकामं वाटलं नाही. कॅचरने हातमोजा कुठे धरला होता आणि चेंडू कुठे आला, हे ते इतकं नेमाने सांगत की दोन महिन्यांत मला स्लायडर आणि कर्व्हबॉल हे वळणारे चेंडू डोळ्यांनी ओळखू यायला लागले. नवख्या माणसाला मुद्दाम शिकवतोय असा आवही नसायचा. आज कोणी म्हातारा नव्याने आपली वाहिनी लावून बसला तर त्याला फक्त हॉटेलांची नावं कळतील.

गप्पांना माझी ना नाही. क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाज मागे वळून रनअपच्या टोकापर्यंत चालत जातो, तेवढ्यात एक किस्सा आरामात बसतो. आमच्या लहानपणी आकाशवाणीवर बाळ ज. पंडित मराठीत समालोचन करायचे. रेडिओ, म्हणजे चित्रच नाही, तरी कोणता क्षेत्ररक्षक कुठे उभा आहे ते आम्हाला घरात बसून दिसायचं. गप्पा चेंडूच्या आधी संपायला हव्यात, इतकंच.

इथेच आपल्या जोडीचं गणित चुकतं आहे असं मला वाटतं. २०२३ पासून पिचरला घड्याळ लागलं. बेस रिकामे असतील तर पुढचा चेंडू टाकायला १५ सेकंद. रनर असेल तर पहिल्या वर्षी २०, पुढच्या वर्षापासून १८. नऊ इनिंगचा सामना २०२२ साली सरासरी तीन तास चार मिनिटं चालायचा, तो २०२३ मध्ये दोन तास चाळीस मिनिटांवर आला. ही चोवीस मिनिटं गेली कुठून? मुख्यतः दोन चेंडूंच्या मधल्या रिकाम्या वेळातून. म्हणजे समालोचकाची बोलायची जागा आटली, आपल्या दोघा समालोचकांच्या गप्पा मात्र आटल्या नाहीत. डबा लहान केला आणि भाजी तेवढीच भरली तर ती पोळ्यांवर ओघळणारच. आपल्याकडे ती रोज चेंडूवर ओघळते.

लॉस एंजेलिसचे समालोचक विन स्कली यांचं उदाहरण देतो. १९५० ते २०१६, ६७ हंगाम एकाच संघासाठी, आणि बहुतेक वेळा खोलीत एकटेच. किस्से तेही सांगत. पण अर्ध्या वाक्यात पिच आली की किस्सा थांबे, बॉल की स्ट्राइक ते सांगून होई आणि धागा पुन्हा तिथूनच सुरू. त्यांचा संघ १९५८ मध्ये ब्रुकलिनहून तिकडे गेला तेव्हा सामने कोलिझियमसारख्या अवाढव्य स्टेडियममध्ये होत. लांब बसलेले लोक ट्रान्झिस्टर घेऊन येत आणि समोरचा सामना स्कलींच्या तोंडून ऐकत. आमच्याकडेही लोक कानाला ट्रान्झिस्टर लावून मैदानात बसायचे. घरी बसून मोठा टीव्ही बघणाऱ्या माझ्यावर मात्र आवाज बंद करायची वेळ आली आहे.

८ एप्रिल १९७४ ला अटलांटात हँक ॲरनने ७१५ वा होम रन मारून बेब रूथचा विक्रम मोडला, तो स्कलींच्याच संघाच्या पिचरला. स्कलींनी चेंडू कुंपणापलीकडे गेल्याचं सांगितलं आणि ते गप्प झाले. बराच वेळ नुसता लोकांचा जल्लोष. आपल्या जोडीला मी सलग दहा सेकंद गप्प बसलेलं अजून पाहिलेलं नाही. आपला खेळाडू होम रन मारतो तेव्हा ते ठरलेलं वाक्य ओरडतात, समोरच्याने मारला तर कुणी वारल्यासारखा आवाज काढतात. घरची वाहिनी आहे, थोडं झुकतं माप चालायचंच, त्याची मी तक्रार करत नाही.

तक्रार आहे ती सट्ट्याची. दर दोन-तीन इनिंगला समालोचकच भाव वाचून दाखवतात: पुढचा होम रन कोण मारेल, त्यावर किती. २०१८ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना मोकळीक दिली, तेव्हा कायद्याने ठीक असेल. पण याच खेळाने १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमधल्या लाचेपायी शिकागोच्या आठ जणांना कायमचं बाहेर काढलं होतं, आणि आम्ही क्रिकेटवाल्यांनी २००० साली मॅच-फिक्सिंगपायी काय भोगलं ते आम्हालाच ठाऊक. जाहिरात घ्या, पण ती जाहिरातीच्या वेळात दाखवा. ज्याने मला बॉल की स्ट्राइक हे सांगायचं, त्याच तोंडून मला भाव ऐकायचा नाही.

एक कबूल करतो. आपल्या जोडीतले जे स्वतः पिचर होते, ते मनात आणलं तर फार चांगलं सांगतात. मे महिन्यात पावसाने सामना थांबला होता. कॅमेऱ्यासमोर चेंडू धरून त्यांनी बोटं शिवणीवर कुठे टेकवायची आणि मनगट कधी वळवायचं ते दाखवलं. मी फळांच्या टोपलीतलं संत्रं घेऊन तसं करून बघितलं. नातीने फोटो काढला. म्हणजे हुन्नर आहे. तो पाऊस पडल्यावरच का बाहेर यावा?

माझ्या मागण्या फार नाहीत. बेसवर रनर असताना पडद्याचे तुकडे करू नयेत. पाहुण्यांना बोलवायचंच असेल तर दोन इनिंगच्या मध्ये बोलवावं. भाव वाचून दाखवणं बंद करावं. आणि समालोचकांच्या टेबलावर एक वाळूचं घड्याळ ठेवावं. स्कलींचे गुरू रेड बार्बर रेडिओवर बोलताना अंडी उकडायचं तीन मिनिटांचं घड्याळ समोर ठेवत. वाळू संपली की स्कोअर सांगायचा आणि ते उलटं करायचं. आता स्कोअर पडद्याच्या कोपऱ्यात असतोच. तेव्हा वाळू संपली की "सामना चालू आहे" एवढंच आठवावं.

मंगळवारच्या सातव्या इनिंगचं चित्रीकरण आपल्याकडे असेल. ते कुणाला तरी पाहायला सांगून शॉर्टस्टॉपने चेंडू कसा घेतला तेवढं कळवावं. वहीत शेरा लिहायला जागा ठेवली आहे.

आपला,
एक वर्गणीदार
(मुलीच्या खात्यावरून)

ता. क. – मुलगी शनिवारी त्या बार्बेक्यूच्या दुकानात जाऊन आली. सॉसमध्ये काकवी घालतात.