डुकराच्या मुखवट्याबद्दल आभार

आदरणीय लुईस वाल्देझ यांना,
सप्रेम नमस्कार.

पथनाट्य करणाऱ्या आम्हा मराठी मंडळींवर तुमचं ऋण आहे. खिशात पैसे नाहीत, हाताशी नट नाहीत, तरी नाटक कसं उभं करायचं, याचा धडा तुम्ही १९६५ सालीच कॅलिफोर्नियातल्या डेलानोत घालून दिलात.

तिथे द्राक्षमळ्यांत संप होता. आधी फिलिपिनो मजुरांनी काम थांबवलं, आठवड्याभरानं शेतमजुरांचे नेते सीझर चावेझ यांची संघटना उतरली. तुम्ही त्याच गावात, मजुराच्याच घरी जन्मलेले. परत आलात ते संहिता घेऊन नव्हे, पाट्या घेऊन. एका मजुराच्या गळ्यात ‘संपकरी’, दुसऱ्याच्या गळ्यात ‘संपफोड्या’, आणि दोघांना समोरासमोर भांडायला लावलंत. बघणारे हसून लोळले. ‘एल तेआत्रो कांपेसिनो’, म्हणजे शेतमजुरांची नाटक मंडळी, उभी राहिली ती अशी.

पाटीचं महत्त्व रस्त्यावर खेळ केलेल्यालाच कळतं. पात्र कोण ते मागच्या माणसालाही दिसतं, त्यामुळे पहिलंच वाक्य भांडणाचं असू शकतं. निवेदनात पाच मिनिटं घालवली की गर्दी पांगते. तुमचा सबंध ‘आक्तो’, म्हणजे छोटं प्रहसनच, जेमतेम पंधरा मिनिटांचा, तोही ट्रकच्या उघड्या हौद्यावर.

‘मालकाचे दोन चेहरे’ हा तुमचा आक्तो आम्ही पुन्हा पुन्हा वाचतो. डुकराचा मुखवटा घातलेल्या मालकाला मजुराच्या ‘निवांत’ आयुष्याचा हेवा वाटतो. गंमत म्हणून तो चाबूक, सिगार, शेवटी मुखवटाही मजुराच्या हवाली करतो. मग चाबूक त्याच्यावरच उगारला जातो आणि हाच मालक चावेझना हाका मारत ‘संप!’ म्हणून ओरडू लागतो. मजूर घर-जमीन परत करतो, सिगार तेवढी ठेवून घेतो. भाषण शून्य, पण उपाय काय ते प्रेक्षकाला कळतं. खलनायक नुसता विनोदी केला की लोक त्याच्याच प्रेमात पडतात. इथे अदलाबदलीमुळे तसं होत नाही.

१९६६ च्या संपकऱ्यांच्या डेलानो ते सॅक्रामेंटो पदयात्रेत, सुमारे तीनशे मैल, तुम्ही रात्री मुक्कामाच्या गावी प्रयोग केलेत. पुढच्याच वर्षी संघटनेपासून वेगळे झालात. हा निर्णय आम्हाला पटतो: रोजच्या लढ्याच्या तारखांवर नाटक बसवत राहिलं, तर तालीम मागे पडते.

‘झूट सूट’ या नाटकाबद्दल वेगळे आभार. सुरुवातीलाच पाचूको, म्हणजे ढगळ झूट सूट घातलेला मेक्सिकन-अमेरिकन तरुण, भल्यामोठ्या वर्तमानपत्राचा पडदा चाकूनं फाडून आत येतो. लॉस एंजेलिसमधल्या १९४२ च्या स्लीपी लगून खून खटल्यात वर्तमानपत्रांनी आरोपी मेक्सिकन-अमेरिकन पोरांचं काय केलं, ते एका वारात! लॉस एंजेलिसनं १९७८ मध्ये हे नाटक डोक्यावर घेतलं. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर मात्र पाच आठवड्यांत बंद पडलं. आमच्या लेखी लॉस एंजेलिसचाच कौल खरा, कारण घटना तिथलीच, माणसंही तिथलीच.

आणि सान हुआन बाउतिस्ता. १९७१ पासून नाटक मंडळीचं बिऱ्हाड कॅलिफोर्नियातल्या त्या लहानशा गावात आहे, आणि नाताळात तिथल्या जुन्या मिशन चर्चमध्ये ‘ला पास्तोरेला’ किंवा ‘ला विर्हेन देल तेपेयाक’ हे धार्मिक नाटक रंगतं. मोठ्या शहरात बस्तान न हलवल्याबद्दलही आभार.

आपले,
काही मराठी पथनाट्यकर्मी