ताडोबातील वनरक्षकांचे आभार
१९५५ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालेल्या ताडोबात मे महिन्याच्या सफारीत माझ्या आईला उन्हामुळे भोवळ आली. गाभा क्षेत्रात पर्यटकांना वाहनातून उतरण्याची मुभा नसते आणि प्रवेशद्वार दूर होते, त्यामुळे गाइडने गाडी थेट जवळच्या संरक्षण कुटीपाशी नेली. तेथील दोन वनरक्षकांनी आईला सावलीत खाटेवर निजवले, माठातल्या पाण्यात शेला भिजवून तिच्या कपाळावर आणि मानेवर ठेवला, मीठ-साखरेचे पाणी घोटाघोटाने पाजले आणि बिनतारी संचावरून प्रवेशद्वारावर डॉक्टरांची सोय करण्यास कळवले. माठ रिकामा होईपर्यंत ते शेला भिजवीत राहिले. पायी गस्त घालून नुकत्याच परतलेल्या त्या दोघांनी तोवर स्वतः घोटभरही पाणी घेतले नव्हते. आई आता बरी आहे. त्या दोघांचे आणि गाइडचे आम्ही सर्व कुटुंबीय मनःपूर्वक आभार मानतो.