थर्ड कॉर्नेट

डिचोली, रविवार

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन ठेवल्यापासून डोक्यात तेच घोळतंय, म्हणून लिहायला बसलो. घरात आपण कोकणीच बोलतो, पण पत्र म्हटलं की मला मराठीच सुचते. तुझे आजोबाही मला मराठीतच लिहायचे. आई चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीची, म्हणजे फळापानांची, यादी करतेय आणि दर दोन मिनिटांनी विचारतेय, यंदा मावळिंगं कुणाकडून आणायची. तेव्हा मध्येच तुटक वाटलं तर समजून घे.

इंग्लंडातल्या तुमच्या ब्रास बँडमध्ये तुला सेकंड कॉर्नेटवरून थर्डवर बसवलं, तेही बँडच्या स्पर्धेची फायनल महिन्यावर आली असताना. "थर्डला चालच नाही बाबा, खालचे सूर धरायचे आणि रिकामे बार मोजायचे. मी नसले तर कुणाला कळणारही नाही," म्हणालीस. आणि मग, सोडूनच देते म्हणालीस.

बँडमधलं मी तुला काय सांगणार! कॉर्नेट आणि ट्रंपेट ही दोन वेगळी पितळी वाद्यं हेसुद्धा मला म्हापशाच्या तुझ्या मास्तरांनी समजावलं. पण रुसून बसण्यातलं मला कळतं.

तुझ्या जन्माआधीची गोष्ट. घुमट आरतीची स्पर्धा होती. मी आठ वर्षं घुमट, आपलं ते मातीचं तालवाद्य, वाजवत होतो. पंधरा दिवस आधी मंडळाने घुमट एका धाकट्या पोराकडे दिलं आणि माझ्या हातात कांसाळे, म्हणजे झांजा, ठेवले. मी पाठ धरल्याचं सांगून घरी राहिलो. आईलाही तेच सांगितलं, आजवर तिला खरं माहीत नाही. (हे पत्र तिला वाचून दाखवू नकोस.) देवळासमोरचा मांडव आपल्यापासून दोन शेतं पलीकडे. रात्री सोप्यावर बसून सगळं ऐकलं. घुमटाकडे माझं लक्षच नव्हतं. माझ्या जागी ज्याने कांसाळे धरले होते तो कधी चुकतो, याची वाट बघत होतो. शेवटच्या आरतीपर्यंत त्याची लय एकदाही ढळली नाही. पहिलं बक्षीस मिळालं. मी नसताना.

तू पाठवलेली दोन्ही रेकॉर्डिंगं घेऊन मी मास्तरांकडे गेलो होतो. त्यांच्या लहानपणी इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, शाळेत आधी सोलफा, म्हणजे डो-रे-मीचे सूर, घोकून घेत, मग कुठे हातात वाद्य मिळे, त्यामुळे त्यांचा कान अजून शाबूत आहे. एक रेकॉर्डिंग तू तापाने पडली होतीस त्या आठवड्याचं, पण ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. ते ऐकताना त्यांनी मध्येच बोट वर केलं. "इथे खालून पातळ झालं." मला काही फरक कळला नाही, खोटं कशाला सांगू. पण त्यांनी तीनदा लावलं आणि तिन्हीदा त्याच जागी बोट वर केलं.

त्यांनी हिशेबही मांडून दाखवला: पितळी वाद्यांची माणसं २५, शिवाय तालवाद्यं. सोलो कॉर्नेटला चौघे, थर्डला दोघेच. चौघांतला एक दमला तर तिघे झाकून नेतात. दोघांतला एक उठला तर?

शिवाय तुमच्याकडे परीक्षक पडद्याआड बसतात, कोण वाजवतंय ते त्यांना दिसत नाही. सगळ्या बँडना एकच रचना, क्रम चिठ्ठ्या काढून. ही पद्धत मला फार आवडली. आमच्याकडे परीक्षक पहिल्या रांगेत, आणि अर्ध्या मंडळाला ते नावानिशी ओळखतात!

तुमच्या गावची कोळशाची खाण बंद पडली तरी बँड राहिला, असं तू सांगितलं होतंस. मग मी शोधून वाचलं. ग्राइमथॉर्प या तिकडच्याच एका खाणगावाच्या बँडने १९९२ साली राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, खाण बंद होणार हे जाहीर झालं त्याच महिन्यात. वाचून मला आपला ट्रक आठवला. २०१२ ला आपल्या गोव्यातल्या खाणी थांबल्या तेव्हा तो ताडपत्री घालून अंगणात उभा होता. त्या वर्षी आरतीच्या सरावाला जेवढी माणसं आली तेवढी आधी कधी आली नव्हती. संध्याकाळी कुणाला काही कामच नव्हतं. हसूही यायचं आणि पोटात गोळाही. कांसाळे मी तेव्हाच परत हातात घेतले, कुणी न सांगता.

चवथीला तू येत नाहीस, ते आईने आता मान्य केलंय. चेल्टनमला घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर बँडची स्पर्धा कशी होते, हे मात्र तिला अजून पटलेलं नाही. तूच एकदा समजाव.

तुझा थर्डचा भाग एकटीने वाजवून मला पाठव. मध्ये जे रिकामे बार आहेत ते कापू नकोस, मास्तरांना मोजायचे आहेत.

तुझा,
बाबा

ता. क. कॉर्नेटच्या व्हॉल्व्हना तिथलंच तेल घाल. मी दिलेलं खोबरेल थंडीत गोठतं, मागच्या डिसेंबरात काय झालं ते विसरू नकोस.