पिनवरच्या आकड्याला लक्स म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीत उजेड मोजायचं सर्किट आलं होतं ते वाचून हे लिहितेय. लेख छान होता, मुलांना लगेच ब्रेडबोर्ड घेऊन बसावंसं वाटेल असा, पण त्यात एलडीआर (उजेड पडला की ज्याचा रेझिस्टन्स कमी होतो असा सेन्सर) आणि 10 किलोओहमचा रेझिस्टर लावून आर्डुइनो या छोट्या प्रोग्रामेबल बोर्डवर 0 ते 1023 मधला जो आकडा येतो त्यालाच थेट लक्स (उजेड मोजायचं एकक) म्हटलंय आणि ते मला फार खटकलं. तो आकडा पिनवर किती व्होल्टेज आहे एवढंच सांगतो. एका चौरस मीटरवर एक लुमेन (दिव्यातून निघणाऱ्या उजेडाचं एकक) पडला की एक लक्स, आणि एलडीआरचा रेझिस्टन्स काही उजेडाच्या सरळ प्रमाणात बदलत नाही, त्यामुळे मॅप फंक्शन (एक रेंज सरळ प्रमाणात दुसऱ्या रेंजमध्ये बदलणारं) लावून लक्स निघणार नाहीत. शिवाय एकाच नंबरच्या दोन एलडीआरमध्ये दुपटीचा फरक असू शकतो, डेटाशीटमध्येच तशी रेंज दिलेली असते. दिवस आहे की रात्र एवढं कळायला एलडीआर मस्त, मोजमापाला नाही.

मग लोक म्हणतात बीएच1750 ही उजेड मोजायची चिप घ्या, तो डायरेक्ट लक्स देतो. देतो, पण त्याचं काउंटर 16 बिटचं आहे, म्हणजे 65,535 पर्यंतच जातं, आणि काउंटला 1.2 ने भागायचं असतं, म्हणजे नेहमीच्या सेटिंगला साधारण 54,600 लक्सला तो थांबतो, आणि भर दुपारचं थेट ऊन 1 लाख लक्सच्या आसपास जातं. उन्हात ग्राफ एकदम सपाट दिसायला लागला तर ऊन स्थिर आहे असं समजू नका, सेन्सर भरलाय. मेझरमेंट टाइमचं रजिस्टर (चिप किती वेळ उजेड मोजते ती सेटिंग) 69 वरून 31 वर आणलं की रेंज 1 लाख 20 हजारांच्या पुढे जाते, पण हे फार कमी जण करतात.

सगळ्यात जास्त गोंधळ दिव्यांचा. मेन्स, म्हणजे घरातली वीज, 50 हर्ट्झची असली की दिवा सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो, स्वस्त एलईडी बल्बमध्ये तर फारच, डोळ्याला कळत नाही पण सेन्सरला कळतं. आर्डुइनो उनोवर एक अ‍ॅनालॉग रीडिंग साधारण 0.1 मिलिसेकंदात होतं, म्हणजे तुम्ही त्या चढउताराचा कुठलातरी एक क्षण पकडता आणि मग आकडे नाचतात म्हणून सेन्सर बदलता, वायर बदलता, पण दोष तिथे नसतोच. उपाय सोपा आहे, 100 मिलिसेकंदभर सतत रीडिंग घ्या आणि सरासरी काढा, त्यात 100 हर्ट्झचे पूर्ण 10 आणि 120 हर्ट्झचे पूर्ण 12 फेरे बसतात म्हणून 60 हर्ट्झच्या मेन्सवरही चालतं. बीएच1750 चा हाय रिझोल्यूशन मोड 120 मिलिसेकंद घेतो तो उगीच नाही. घाई म्हणून 16 मिलिसेकंदांचा मोड लावला की तो फायदा गेला.

इन्फ्रारेडचंही तसंच. साध्या फोटोट्रान्झिस्टरला (उजेडावर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरला) आपल्याला न दिसणारं इन्फ्रारेड भरपूर दिसतं, त्यामुळे जुन्या तारेच्या बल्बखाली तो एलईडीपेक्षा खूप जास्त उजेड दाखवतो, डोळ्याला दोन्ही सारखे वाटत असले तरी. टीएसएल2561 या उजेडाच्या सेन्सर चिपमध्ये यासाठीच दोन चॅनेल आहेत, एक दिसणारं अधिक इन्फ्रारेड आणि एक बहुतांशी इन्फ्रारेड, दोन्ही वाचून सूत्रात घातले की मग लक्स. आणि सेन्सर काळसर प्लास्टिकच्या डबीत ठेवलात तर बऱ्याच प्लास्टिकमधून दिसणारा उजेड अडतो आणि इन्फ्रारेड आरपार जातं, सगळा हिशोब पुन्हा चुकतो.

लक्समीटर नसला तरी बरंच तपासता येतं हो. सेन्सर काळ्या टेपने झाका, शून्य यायला पाहिजे, नाही आलं तर बहुतेक बोर्डवरच्याच पॉवर एलईडीचा उजेड बाजूने शिरतोय. अंधाऱ्या खोलीत छोटा उघडा बल्ब लावा, अंतर दुप्पट केलं की रीडिंग चौथाई व्हायला पाहिजे. सेन्सर 60 अंश तिरका केला की निम्मं, आणि ते होत नसेल तर वर पांढरं डिफ्यूझर (उजेड पसरवणारं झाकण) बसवा, टेफ्लॉनचा पातळ तुकडाही चालतो, पण मग तो उजेड खातो म्हणून कॅलिब्रेशन (खऱ्या मापाशी आकडे जुळवणं) नव्याने करायचं, कुणाचा तरी चांगला लक्समीटर शेजारी ठेवून, कमी आणि जास्त अशा बऱ्याच उजेडात. मोबाइलवरच्या अ‍ॅपला प्रमाण मानू नये, त्यातला सेन्सर काचेआड असतो आणि प्रत्येक फोनचा वेगळा.

तर विनंती अशी की त्या सर्किटची दुरुस्ती छापा, आकड्यापुढचा लक्स काढून टाका, आणि पुढे असं सर्किट आलं की निदान टेपची आणि अंतराची टेस्ट त्याच पानावर चौकटीत द्या.

आपली,
एक नियमित वाचक