जॉबर घडवणारं कॉलेज पूर्व भागात हवं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या साखर पेठेतली पोरं गुणपत्रिका घेऊन माझ्या ओट्यावर येतात. मी शिक्षक नाही. माझी चाळीस वर्षं यंत्रमागावर गेली, त्यातली एकतीस जॉबर म्हणून. पण गल्लीत वयाने मोठा, म्हणून विचारतात. यंदा शेजारचा एक मुलगा आला. वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत मागावर, आई घरी विड्या वळते. मुलाला बारावीला बरे गुण आहेत आणि हात चांगला आहे, घरातला मिक्सर तो स्वतः उघडून दुरुस्त करतो. म्हणाला, "अण्णा, पुण्याला जाऊ का? कुठल्या तरी कंपनीत लावून देतो म्हणतोय मित्र."

त्याच आठवड्यात माझ्या जुन्या ओळखीच्या एका कारखानदाराचा फोन आला होता. बारा माग आहेत, त्यातले चार बंद उभे. सूत आहे, ऑर्डर आहे, जॉबर नाही. "अण्णा, कोणी असेल तर सांगा, पगाराचं बघून घेऊ."

तो मुलगा आणि ते चार माग यांच्यात दीड किलोमीटरचं अंतर आहे. ते अंतर पार करून देणारी शाळा आपल्या गावात नाही, म्हणून हे पत्र.

जॉबर म्हणजे काय, हे पूर्व भागाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. माग चालवतो तो विणकर. माग लावतो, बिघडला तर बसवतो, नव्या मालासाठी त्याची मांडणी बदलतो तो जॉबर. टॉवेलच्या मागाला ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम (रूळ) असतात. एक ताणा घट्ट ओढलेला, तो कापडाचा पाया. दुसरा पाइलचा, म्हणजे टॉवेलवरच्या लूपचा, तो मुद्दाम सैल सोडलेला. पहिले दोन बाणे, म्हणजे आडवे धागे, कापडापासून थोडं अंतर राखून पडतात. तिसरा पडला की फणी तिन्ही बाण्यांना एकदम पुढे ठोकते. घट्ट ताण्यावरून ते तिन्ही घसरत पुढे जातात, सैल ताण्याला बरोबर ओढून नेतात, आणि तो सैल धागा वर उभा राहतो. आपण अंग पुसतो ते त्या उभ्या राहिलेल्या धाग्याने. बाण्याचं अंतर वाढवलं की लूप उंच आणि टॉवेल जाड, कमी केलं की पातळ. पाइलच्या बीमचा ब्रेक एका बाजूला जरासा जरी धरला, तरी त्या बाजूचे लूप बुटके येतात. मागावर ते नजरेला येत नाही. गिऱ्हाइकाच्या घरी पहिल्या धुण्यानंतर येतं.

हे मला ज्यांनी शिकवलं त्यांना आम्ही मामा म्हणायचो. पहिले तीन महिने त्यांनी माझ्या हातात पान्हा दिला नाही. डोळे मिटून पाइलच्या ताण्यावर तळवा ठेवायला लावायचे आणि विचारायचे, "डावीकडे ढिला की उजवीकडे?" चुकलो की पुन्हा. तीन महिन्यांनी बरोबर यायला लागलं, तेव्हा पहिला पान्हा दिला. मामा गेले. त्यांच्या हाताखाली शिकलेले आम्ही पाच जण होतो. त्यातले दोघं आता मागाजवळ उभे राहू शकत नाहीत, एक मुलाकडे सुरतेला गेला. राहिलो दोघं.

२००५ साली सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आम्हा सगळ्यांना अभिमान वाटला. मानांकनाने नावाचं रक्षण होतं. ते नाव ज्या हातांमुळे मिळालं, त्या हातांची पुढची पिढी घडवायची सोय मात्र कोणी केली नाही. १८७७ ला जुनी मिल निघाली तेव्हापासून या गावात माणूस माणसाजवळ उभा राहून शिकला. गिरण्या गेल्या, तरी पत्र्याच्या शेडमध्ये ते शिकणं चालू राहिलं. आता ते थांबलंय. त्यात आमचाही दोष आहे. आपली विद्या दुसऱ्याला दिली तर आपली गरज संपेल, या भीतीने कितीतरी जॉबरांनी ती स्वतःपाशीच ठेवली. आणि शिकवलेला पोरगा पन्नास रुपये जास्त मिळाले की शेजारच्या शेडमध्ये जातो, म्हणून कारखानदारानेही शिकवण्यावर पैसा घातला नाही. दोघांची भीती खरी होती. नुकसान मात्र गावाचं झालं.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेत लूम ऑपरेटरचा अल्प मुदतीचा वर्ग निघाला. मला शिकवायला बोलावलं. मी आनंदाने गेलो. मग कागद मागितले. मी नववी पास. नियमात बसत नाही म्हणाले. ज्यांना नेमलं ते पदवीधर होते, स्वभावाने चांगले होते, पण मागावर काम केलेलं नव्हतं. वर्गात दोन माग, त्यातल्या एकाला सूत लावलेलंच नव्हतं. त्या तुकडीतला एक मुलगा नंतर आमच्या शेडमध्ये आला. हातात सरकारी प्रमाणपत्र, आणि तुटलेल्या तारेला, म्हणजे धाग्याला, विणकराची गाठ मारता येईना. ओशाळून बाजूला उभा राहिला होता. आठवड्याभरात मी त्याला गाठ शिकवली, आज तो सहा माग एकटा सांभाळतो. मुलात काहीच कमी नव्हतं. त्याचे सहा महिने वाया गेले, याचं मला आजही वाईट वाटतं.

माझा पुतण्या अमेरिकेत शार्लट शहरात असतो. त्याला हे सगळं सांगितलं, तर त्याने तिथल्या हिकरी गावाची माहिती वाचून दाखवली. नॉर्थ कॅरोलायनातलं ते गाव फर्निचरचं. परदेशी माल आला, तिथले कितीतरी कारखाने बंद पडले. जे टिकले त्यांना नंतर कापड बेतणारी, शिवणारी, सोफ्याला गादी चढवणारी माणसं मिळेनात, कारण जुनी म्हातारी झाली होती. मग २०१४ मध्ये तिथलं कटॉबा व्हॅली कम्युनिटी कॉलेज आणि गावातले कारखानदार एकत्र आले आणि त्यांनी फर्निचर अकादमी सुरू केली. वर्ग संध्याकाळी, म्हणजे दिवसा काम करणाऱ्यालाही येता यावं. शिकवायला कारखान्यातलीच कसबी माणसं. पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही जे मागताय तेच आहे हे." मला ते ऐकून रात्री झोप लागली नाही.

आपल्याकडे कायदे-योजना नाहीत असंही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ मध्येच कम्युनिटी कॉलेजची योजना आणली. प्रमाणपत्र, पदविका, प्रगत पदविका अशा पायऱ्या आणि स्थानिक उद्योगाला बरोबर घेऊन अभ्यासक्रम, हेच तिच्यात आहे. २०२२ मध्ये त्याच आयोगाने 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'ची वाट उघडली. त्यात पंधरा वर्षांचा वरच्या पातळीवरचा अनुभव असलेल्या जाणकाराला पदवीची अट नाही. मोठ्या कंपनीतल्या अधिकाऱ्यासाठी पदवी बाजूला ठेवता येते, तर एकतीस वर्षं जॉबर असलेल्या माणसासाठी निदान प्रशिक्षक म्हणून का नाही? २००४ साली एका जिल्ह्यासाठी विद्यापीठ झालं ते आपलं, आज ते अहिल्यादेवींच्या नावाने चालतं. जिल्ह्याचा धंदा शिकवणं हे त्याचं पहिलं काम आहे असं मला मनापासून वाटतं.

पण वर्ग केगावला, विद्यापीठाच्या आवारात, भरवू नका. रात्रपाळी करून आलेला पोरगा शहर ओलांडून तिकडे जाणार नाही. अशोक चौक, कन्ना चौक, विडी घरकुल, कुठेही चालेल, पण माग ऐकू येतील एवढ्या अंतरावर. आठवड्यातून दोन दिवस वर्ग आणि चार दिवस चालू मागावर. उभ्या मागावर कोणी काही शिकत नाही.

आणि पगार हवा. हा मुद्दा शिकलेल्या लोकांच्या लक्षात येत नाही. आई दिवसाला हजार विड्या वळते त्या घरातला मुलगा वर्षभर फुकट शिकू शकत नाही. शिकाऊ उमेदवारीच्या नियमात तीस किंवा जास्त माणसांच्या कारखान्याला शिकाऊ घ्यावेच लागतात, चार ते एकोणतीस माणसांच्या कारखान्याला ते ऐच्छिक आहे. आपल्या बहुतेक शेड या दुसऱ्या गटातल्या, म्हणून कोणी घेत नाही. २०१६ च्या योजनेत विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिन्याला १५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार देतं. आठ-दहा यंत्रमागधारकांनी एकत्र येऊन चार-पाच मुलं घेतली, उरलेलं विद्यावेतन वाटून दिलं आणि शिकून झाल्यावर मुलाला त्यातल्या कोणाकडेही जायची मोकळीक ठेवली, तर 'माझा पोरगा पळवला' हे भांडणच राहत नाही.

आता रेपियर माग आले, नक्षी विणायला पुठ्ठ्याच्या कार्डांऐवजी इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आलं. संगणकावरची नक्षी मला येत नाही, ती तरुण शिक्षकांनी शिकवावी. नव्या मागावरही पाइलचा ताण सैलच ठेवावा लागतो, ते मी शिकवतो. मुलींनाही घ्या. गणवेशाच्या कारखान्यांत बायका शिवणावर आहेत, पण मशीन बिघडली की दुरुस्तीवाल्या पुरुषाची वाट बघत बसतात. त्यांच्या हातात पान्हा का देऊ नये?

शेजारच्या मुलाला मी पंधरा दिवस थांब म्हणालोय. रोज सकाळी त्याला त्या चार मागांवर घेऊन जातो. कालपासून तो ताण्यावर तळवा ठेवायला लागलाय, अजून डावं-उजवं चुकतं. पण एकट्याला असं किती शिकवणार?

मामांची एक वही माझ्याकडे आहे. कोणत्या मालाला कोणत्या दातांचा गिअर, किती पीक (म्हणजे बाणे), पाइलला किती वजन, असं सगळं त्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवलंय. वही तेलुगूत आहे आणि अक्षरं पुसट होत चाललीत. विद्यापीठातून किंवा यंत्रमागधारकांकडून कोणी ती मराठीत उतरवून घ्यायला आलं, तर मी शेजारी बसून ओळ न् ओळ वाचून दाखवीन. संध्याकाळी पाचनंतर मी ओट्यावरच असतो.

आपला,
एक निवृत्त जॉबर
साखर पेठ, सोलापूर